भुंगे मोजायचे कसे आणि कशासाठी? सोलापूरच्या माळावरची पाहणी समजून घेताना

दरवर्षी २० मेला जागतिक मधमाशी दिवस साजरा होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून तो सुरू केला. त्या दिवशी पेपरात पोळ्यांचे आणि मधाच्या बाटल्यांचे फोटो छापून येतात. सोलापुरात तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. अशा दिवसांत सकाळी सहाच्या सुमारास फुललेल्या बहाव्याखाली उभं राहिलं, तर एक जाडजूड काळा कीटक घोंघावत फुलाफुलाला मिठी मारताना दिसतो. त्याचा फोटो कुणी छापत नाही. घरात शिरला की त्याच्या वाट्याला झाडूच येतो.

हा भुंगासुद्धा मधमाशीच आहे. पोळं न बांधणारी, मध न साठवणारी, एकट्यानं संसार करणारी रानमाशी.

गेल्या काही वर्षांत परागवाहकांच्या, म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला नेणाऱ्या जीवांच्या पाहण्या ठिकठिकाणी होऊ लागल्या आहेत. बातमीत मात्र एवढंच येतं: अमुक जाती आढळल्या, तमुक फुलांना पसंती. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, उडणारा कीटक मोजला कसा? त्याची आवडनिवड कळली कशी? आणि कळून उपयोग काय? सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून हे प्रश्न एकेक करून सोडवू.

भुंगा म्हणजे नेमका कोण?

शास्त्रज्ञ या गटाला झायलोकोपा म्हणतात. जगभरात त्याच्या सुमारे ५०० जाती आहेत, भारतात पंचवीसहून जास्त. ब्रिटिश भारतातल्या माश्या आणि गांधीलमाश्यांवर सी. टी. बिंगहॅम यांचा खंड १८९७ साली निघाला, त्यात इथल्या भुंग्यांची वर्णनं पहिल्यांदा एका जागी आली. ओळख पटवताना आजही बऱ्याचदा तिथपर्यंत मागे जावं लागतं.

दख्खनच्या पठारावर नजरेत भरतो तो लॅटिपेस जातीचा भुंगा. साडेतीन सेंटिमीटरपर्यंत लांब, काळाकुळकुळीत, उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक मारणारा. नराचे पुढचे पाय रुंद, पसरट, आणि त्यांना फिकट केसांची झालर. कोरड्या मुलखात जास्त दिसणारा फेनेस्ट्राटा मध्यम आकाराचा, काळा. अमेथिस्टिना अगदी लहान, तो जाड लाकडाच्या नादाला न लागता पोकळ काड्यांमध्ये राहतो. शिवाय पिवळ्या छातीचा भुंगा आहे. त्याची मादी काळी, फक्त छातीवर पिवळी लव. नर मात्र डोक्यापासून शेपटापर्यंत हिरवट पिवळा. दोघांना शेजारी शेजारी पाहिलं तरी हे नवरा-बायको आहेत यावर विश्वास बसत नाही. पाहणीत नवखा माणूस हटकून इथे दोन जाती लिहितो. म्हणून नोंद करताना जातीइतकंच नर की मादी हे लिहिणं महत्त्वाचं. दोघांची कामं वेगळी असतात: पराग गोळा करून घर भरते ती मादी. नर फुलांवर येतो तो स्वतःच्या पोटापुरता मध प्यायला, आणि उरलेला वेळ आपल्या हद्दीत घिरट्या घालण्यात घालवतो.

लाकडाच्या आत काय चालतं?

गोठ्याच्या जुन्या मेढीला करंगळी जाईल एवढं गोल भोक दिसतं. ड्रिलनं पाडावं तसं गुळगुळीत. खाली जमिनीवर फिकट भुशाची छोटीशी रास. हे काम मादीच्या जबड्यांचं. थोडं सरळ आत गेल्यावर ती वळते आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं बोगदा नेते, कारण रेषांना आडवं कापण्यापेक्षा ते सोपं जातं. लाकूड ती खात नाही, भुसा बाहेर फेकते.

बोगदा झाला की त्याच्या टोकाशी पराग आणि मधुरस मळून एक घट्ट गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं घालायचं, लाकडाचा चुरा लाळेत कालवून पडदा लावायचा. मग पुढची खोली. असं करत एका बोगद्यात पाच-दहा खोल्या होतात. अंडी कीटकांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांपैकी आहेत, काही जातींत दीड सेंटिमीटरहून लांब. एवढं मोठं अंडं घालणाऱ्या आईला पिल्लं थोडीच होणार. पोळ्यातली राणीमाशी हंगामात एका दिवसात शेकड्यांनी अंडी घालते, तर भुंग्याच्या मादीचा अख्ख्या हंगामाचा संसार दोन हातांच्या बोटांवर मोजता येतो. एक तुळई जाळली किंवा एक फवारणी चुकीच्या वेळी झाली, तर ती तूट भरून यायला किती काळ लागेल, याचा अंदाज यावरून करावा. माझ्या दृष्टीनं पाहणी करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: जो सावकाश वाढतो, तो कमी होत असल्याचं वेळेत कळलं पाहिजे.

सोलापूर भागात असं कोरडं, रंग न दिलेलं, कुणी न हलवलेलं लाकूड कुठे मिळतं? माळवदाच्या घरांच्या तुळयांत आणि सऱ्यांत. बांधावरच्या वठलेल्या बाभळीत. शेवग्याच्या वाळक्या फांदीत, कारण ते लाकूड मऊ. घायपाताच्या उंच, वाळलेल्या दांड्यात. कुंपणाच्या बांबूत. ही यादी वाचली की लक्षात येतं, यातली एकेक गोष्ट गावातून कमी होत चालली आहे. माळवदं पाडून स्लॅब पडतात, वठलेलं झाड सरपणाला जातं, मेढीच्या जागी लोखंडी पाइप येतो.

फुलाला हलवून पराग पाडणारा

तरवड सोलापूरकराला सांगायला नको. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे त्याची पिवळी फुलं असतात. घटस्थापनेच्या माळेत ती हवीतच. या फुलात मधुरस नसतो, फक्त पराग असतो. आणि तोही उघड्यावर नाही: परागकोश ही बंद नळकांडी, टोकाला बारीकशी छिद्रं. साध्या मधमाशीनं कितीही चाचपलं तरी हाती फार लागत नाही.

भुंगा काय करतो ते जवळून बघण्यासारखं आहे. उडत येताना त्याचा आवाज जाड, खर्जातला असतो. फुलावर बसला, पायांनी परागकोशांना कवटाळलं की पंख स्थिर होतात आणि आवाज एकदम चढतो, बारीक आणि तीव्र होतो. उडण्याचे स्नायू चालूच असतात, पण पंख न हलवता सगळं अंग थरथरतं. ती थरथर फुलात उतरते आणि टोकाच्या छिद्रांतून परागाची पिवळी धूळ त्याच्या पोटावर उडते. क्षणभरात काम संपतं. पुढच्या फुलावर पुन्हा तोच चढता स्वर. तरवडाच्या झुडपाशी डोळे मिटून उभं राहिलं तरी निव्वळ आवाजावरून भेटी मोजता येतात.

याला कंपन-परागीभवन म्हणतात. बहाव्याच्या फुलात याची पुढची पायरी आहे. त्याचे काही पुंकेसर लांब, वाकडे, तर काही मध्यम आणि आखूड. भुंगा मधल्या पुंकेसरांना धरून पिल्लांसाठी पराग झाडत असतो, त्याच वेळी लांबचे पुंकेसर त्याचे पाय सहज पोचत नाहीत अशा जागी पराग लावून देतात. पहिला पराग भुंग्याचं अन्न होतो, दुसरा पुढच्या फुलापर्यंत पोचतो.

वांग्याचे आणि टोमॅटोचे परागकोशही याच थरथरीला सैल होतात. युरोपात हे काम बंबलबी नावाच्या केसाळ माश्या करतात, पण भारतात त्या मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत. सोलापूरच्या वांग्याला बंबलबी मिळणार नाही, भुंगाच मिळेल. (काही छोट्या रानमाश्याही हे करतात.) ऑस्ट्रेलियात बाहेरून बंबलबी आणायच्या की नाही असा वाद होता, तेव्हा तिथल्या संशोधकांनी २००० साली काचघरातल्या टोमॅटोसाठी स्थानिक भुंगा वापरून पाहिला होता.

रुईचं फूल आणि पायाला अडकलेली चिमटी

दुसरं जवळून बघण्याजोगं झाड रुई. मारुतीला पानांचा हार घालतो ती. रुईचा पराग धुळीसारखा सुटा नसतो, तो दोन चपट्या पिशव्यांमध्ये बांधलेला असतो आणि त्या पिशव्या एका बारीक चिमटीनं जोडलेल्या असतात. भुंगा मधुरस पिताना फुलाच्या खाचेत त्याचा पाय सरकतो. तो पाय ओढतो, आणि चिमटीसकट पिशव्या उपसून येतात. दुसऱ्या फुलाच्या खाचेत त्याच पिशव्या बसल्या की परागीभवन झालं. बारीक कीटकाला ही ओढाताण जमत नाही, कधी कधी तो तिथेच अडकून मरतो. भुंग्याच्या ताकदीला ती काहीच नाही.

जाळीत धरलेल्या भुंग्याचे पाय भिंगाखाली पाहिले की पिवळट पिशव्यांच्या जोड्या लोंबताना दिसतात. हा भुंगा रुईवर जाऊन आला आहे, हे त्याला रुईवर न पाहताही कळतं. कोरड्या माळावर रुई जवळजवळ वर्षभर फुललेली असते, म्हणून इतर काही नसतं तेव्हा भुंग्याची भूक कोण भागवतं, हा प्रश्न सोलापुरात रुईपासून सुरू करायला हवा.

कुठे आहे आणि कुठे नाही

पाहणीचा पहिला भाग म्हणजे वितरण: कोणती जात जिल्ह्यात कुठे कुठे आहे. जिल्ह्याचं क्षेत्र सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर, तालुके ११, पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. सगळीकडे फिरणं शक्य नाही, म्हणून जमिनीचे प्रकार पाडतात. नान्नजच्या बाजूचा गवताळ माळ. भीमा आणि सीनेच्या काठची बागायत, तिथला ऊस. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागा. बार्शी भागातली तूर. आणि खुद्द शहर: सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याची बाग, विजापूर रोडची झाडं, केगावचं विद्यापीठाचं आवार. प्रत्येक प्रकारातल्या काही जागा निवडायच्या, तिथे एक वाट ठरवायची, आणि त्याच वाटेनं, त्याच चालीनं, ठरावीक वेळ चालून दोन्ही बाजूंच्या ठरावीक अंतरातले भुंगे लिहायचे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही ऋतूंत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात शिरायचं तर आधी वनविभागाची परवानगी.

जागा निवडताना मोह आवरावा लागतो. भुंगे भरपूर दिसतात तिथेच गेलं तर यादी लांब होते, पण जिल्ह्याचं चित्र खोटं होतं. मोबाइलवरून लोक ज्या नोंदी टाकतात त्यांचंही असंच होतं: सगळे ठिपके शहरांभोवती आणि रस्त्यांच्या कडेला. तिथे माणसं फिरतात म्हणून ठिपके आहेत.

छोट्या माश्यांसाठी पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या वाट्यांत साबणाचं पाणी ठेवतात, माश्या त्यात पडतात. भुंगा एवढा दांडगा की तो या वाट्यांना फारसा दाद देत नाही. त्याच्यासाठी डोळे, कॅमेरा आणि हातजाळीच लागते.

आता खरी मेख. बहुतेक पाहण्या फुलं मोजतात आणि लाकूड मोजायचं विसरतात. भुंग्याला दोन गोष्टी लागतात, पोटाला फूल आणि घराला मेलेलं लाकूड, आणि दोन्ही उडण्याच्या टप्प्यात हव्यात. उसाच्या पट्ट्यात बांधावर एखादं वठलेलं झाड असेल, पण आजूबाजूला भुंग्याच्या कामाचं फूल मैलभर नसेल. उघड्या माळावर तरवड आणि रुई भरपूर, पण पोखरायला खोड नाही. दोन्हीकडे भुंगा कमी दिसेल आणि कारणं पूर्ण वेगळी असतील. उपायही वेगळे: एका जागी फूल लावायचं, दुसऱ्या जागी लाकूड राहू द्यायचं. फक्त भुंगे मोजणाऱ्या पाहणीला हा फरक कळत नाही. म्हणून वाटेवरच्या प्रत्येक वाळक्या खोडाची, मेढीची, दांड्याची आणि त्यातल्या भोकांची नोंद हवीच.

उडण्याचा टप्पा किती? केनियात चवळीच्या शेतांजवळ भुंग्यांच्या पाठीवर चिमुकले रेडिओ बसवून त्यांचा माग काढला, तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ते भुंगे सहा किलोमीटरपर्यंत जात होते. ती जात वेगळी, देश वेगळा, तरी एवढं धडधडीत आहे की ज्या फुलावर भुंगा दिसला तिथेच त्याचं घर असेल असं मानता येत नाही. केगावच्या फुलावरचा भुंगा शहरातल्या एखाद्या माळवदात राहत असू शकतो.

आवडतं फूल कोणतं, हे ठरवायचं कसं?

सोलापुरात कुणी बाहेरगावचा माणूस आला, आठ दिवस घरोघरी डबे उघडून पाहिले, बहुतेकांत शेंगाचटणी निघाली. 'सोलापूरकरांना शेंगाचटणी सगळ्यात जास्त आवडते' असं त्यानं लिहिलं तर? कदाचित बरोबर असेल. कदाचित घरात दुसरं काही नव्हतं म्हणून ती डब्यात आली असेल. खाल्लं काय एवढंच पाहून आवड कळत नाही, समोर काय काय वाढलेलं होतं तेही पाहावं लागतं.

भुंग्याचंही हेच गणित आहे. समजा एका वाटेवर रुईची ९०० फुलं आहेत आणि तरवडाची १००. भुंग्यांच्या १०० भेटी मोजल्या, त्यातल्या ६० रुईला, ४० तरवडाला. वरवर पाहता रुई जिंकली. पण भुंगा डोळे मिटून कुठेही बसला असता तर रुईला ९० आणि तरवडाला १० भेटी मिळाल्या असत्या. तरवडाला अपेक्षेच्या चौपट मिळाल्या, रुईला अपेक्षेपेक्षा कमी. तेव्हा पसंती तरवडाला. बातमीत 'रुईला सर्वाधिक पसंती' असं छापून आलं तर ते चुकीचं ठरेल, जरी आकडा खरा असला तरी. म्हणून पाहणी करणाऱ्याच्या वहीत भेटींच्या शेजारी उघड्या फुलांचीही मोजदाद असायला हवी. हे काम कंटाळवाणं आहे, आणि टाळलं जातं ते याचमुळे.

त्यात आणखी एक उपभेद आहे. मधासाठी आला की परागासाठी? तरवड, बहावा ही फक्त परागाची दुकानं. रुई, करंज, अडुळसा, शेवगा इथे मधुरस मिळतो. मादीला घर भरायला दोन्ही लागतं, म्हणून एकाच फुलावर तिचं भागत नाही. तिच्या मागच्या पायांवरच्या केसांतला पराग थोडासा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ती दिवसभर कुठे कुठे गेली ते कळतं. प्रत्येक झाडाच्या परागकणाचा आकार आणि नक्षी वेगळी असते. माणूस वाटेवर तासभर असतो, पराग मात्र माणूस नसतानाच्या भेटीही सांगतो.

फुलावर गेला म्हणजे परागीभवन केलं असं मात्र समजू नये. बंगल्यांच्या कुंपणावर पिवळ्या घंटांसारखी टेकोमाची फुलं असतात. भुंगा बरेचदा त्यांच्या तोंडातून आत शिरत नाही. देठाजवळ बाहेरूनच चीर पाडतो आणि मध पिऊन जातो. शास्त्रज्ञ याला मधुरसाची चोरी म्हणतात. फुलाच्या बुडाशी बारीक उभी चीर दिसली की समजावं, इथे भेट झाली पण फुलाला काही मिळालं नाही. वहीत अशा भेटीचा रकाना वेगळा.

एकदा गेलो, दिसला नाही. म्हणजे नाही?

नाही म्हणायला फार धीर लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात भुंगा दुपारी सावलीला, बिळात असतो; पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. अकरा वाजता गाडी लावून वाट चालणाऱ्याला तो दिसणार नाही. आपल्याच राज्यातल्या भीमाशंकर अभयारण्यात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून चकित करणारी गोष्ट दाखवली आहे. तिथली ट्रँक्वेबारिका ही भुंग्याची जात रात्री, नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखू शकते. वारस नावाच्या झाडाची रात्री उमलणारी फुलं दुसऱ्या एका भुंग्याच्या जातीवर अवलंबून असल्याचं त्यांनीच आधी नोंदवलं होतं. दिवसापुरतीच पाहणी केली असती तर हे दोन्ही निसटलं असतं.

म्हणून एकाच जागी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा जावं लागतं. पाच फेऱ्यांत चारदा दिसणारी जात आणि पाचांत एकदाच दिसणारी जात यांची 'न दिसणं' सारखी मानता येत नाहीत. दुसरी जात एखाद्या जागी एका फेरीत दिसली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. संख्याशास्त्र या फेऱ्यांवरून काढतं की असूनही न दिसण्याची शक्यता किती. आणि म्हणूनच रिकामी फेरीही वहीत लिहायची. शून्य हाही आकडा आहे.

मधमाश्या आहेत की, भुंगा कशाला?

मधमाश्या हव्यातच. डाळिंबाच्या बागांत पेट्या ठेवणारे शेतकरी उगाच ठेवत नाहीत. पण काही कामं पेटीतल्या माशीच्या आवाक्याबाहेरची आहेत. कंपन-परागीभवन त्यातलं एक. हिरवळीच्या खतासाठी पेरतो त्या तागाचं फूल दुसरं. त्याच्या खालच्या पाकळ्या मिटलेल्या असतात आणि त्या दाबून उघडायला वजन लागतं. बी धरण्यासाठी दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि जड माश्या आल्याशिवाय तो पोचत नाही. गाडायच्या तागाला याचं काही नाही; तागाचं बियाणं पिकवणाऱ्याला मात्र भुंग्यासारख्या जड माश्यांशिवाय भागत नाही. शेवग्याच्या फुलावरही भुंगा उत्तम परागवाहक ठरल्याचं आंध्रातल्या अभ्यासांत दिसलं आहे. तुरीच्या फुलालाही तो मोठ्या हक्कानं भेट देतो.

यावर कुणी म्हणेल, वांगी-टोमॅटो भुंगा नसतानाही येतातच. येतात. फूल स्वतःच्या परागावर धरू शकतं, वाराही त्याला हलवतो. फरक पडतो तो पराग किती पडला यात. जास्त पराग म्हणजे जास्त बिया, आणि जास्त बियांचं फळ भरदार. भुंगा नसेल तर पीक बुडेल असं सांगून घाबरवण्याची गरज नाही. ज्वारीला तर त्याची गरजच नाही, तिचं काम वारा करतो.

तो घर पोखरतो, चावतो, त्याचं काय?

नराला नांगीच नसते. अंगावर येऊन तोंडासमोर थांबतो, घाबरवतो, तो बहुधा नर. मादीला नांगी आहे, पण तिला मुठीत धरलं किंवा कपड्यात दाबलं तरच ती वापरते. ती पोळ्याचं रक्षण करणारी फौज घेऊन येत नाही, कारण पोळंच नाही.

लाकडाचं म्हणणं मात्र रास्त आहे. एकाच तुळईत आधी आई, मग लेकी, वर्षानुवर्षं जुनेच बोगदे वाढवत राहिल्या तर ती कमकुवत होऊ शकते. वजन पेलणारं लाकूड असेल तर त्याला रंग किंवा व्हार्निश द्यावं. गुळगुळीत, रंगवलेल्या लाकडाला भुंगा शक्यतो तोंड लावत नाही. आत पिल्लं असताना भोक बुजवू नये. आणि जवळच शेवग्याचा वाळका ओंडका किंवा बांबूचे तुकडे छपराखाली आडवे टांगून द्यावेत. वाळवी लाकूड आतून खाऊन फस्त करते, तिची आणि याची गल्लत करून औषध मारणं हा पैसा आणि भुंगा दोन्ही घालवण्याचा मार्ग आहे.

शेतकऱ्याच्या हाती काय येतं?

एक तर फुलांचं वेळापत्रक. जानेवारी ते मार्च शेवगा आणि गिरिपुष्प, एप्रिल-मेला करंज आणि बहावा, पावसाळ्यात ताग आणि तरवड, ऑक्टोबर-नोव्हेंबरला तूर, आणि जवळजवळ वर्षभर रुई. या साखळीत तुमच्या शिवारात कुठल्या महिन्यात खंड पडतो, ते पाहणीतून दिसतं. भुंगा वर्षभर जगतो, तुमच्या पिकाच्या पंधरवड्यापुरता उगवत नाही. तुरीला तो हवा असेल तर मे महिन्यात त्याला करंज मिळायला हवा.

दुसरं, फवारणीची वेळ. मधमाश्या वाचवायच्या तर संध्याकाळी फवारा, असा सल्ला सर्रास देतात. पेटीतल्या माशीला तो लागू पडतो, ती उन्हं कलताना घरी जाते. उन्हाळ्यात भुंगा नेमका तेव्हा बाहेर असतो. त्यामुळे उन्हाच्या दिवसांत फवारणी पूर्ण अंधार पडल्यावर करावी, आणि शक्य तिथे पीक फुलात असताना टाळावीच. तुमच्या गावात भुंगा कोणत्या महिन्यात किती वाजेपर्यंत उडतो, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते गावातल्याच वहीतून निघेल.

तिसरं, बांधावरचं एखादं वठलेलं खोड उभं राहू देणं. याला खर्च शून्य.

नोंद ठेवायची असेल तर

कॉलेजच्या मुलांनाच जमेल असं यात काही नाही. एक झुडूप किंवा झाड ठरवा, आठवड्यातून एकदा, सकाळी आणि तिन्हीसांजेला दहा-दहा मिनिटं समोर बसा. लिहायचं ते असं: तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा, झाडावर अंदाजे किती फुलं उघडी, किती भेटी, फुलात तोंड घातलं की बाहेरून चीर पाडली, आवाज चढला की नाही. काही आलं नाही तर शून्य. फोटो काढताना वरून एक, बाजूनं एक आणि चेहऱ्याचा एक, असे तीन काढा. पाठीच्या आणि छातीच्या केसांचा रंग, पंखांची झाक, पुढच्या पायांची रुंदी हे त्यात यायला हवं. आयनॅचरॅलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकले तर जाणकार जात ओळखायला मदत करतात. जाळीनं धरणं आणि मारून नमुना ठेवणं हे अभ्यासकांवर सोडावं.

लाकडाची नोंद वेगळ्या पानावर. झाड की तुळई की बांबू, कोणतं लाकूड, जमिनीपासून किती उंच, भोकं किती. भोक वापरात आहे की नाही हे त्याच्या खाली पाहून कळतं: ताजा, फिकट भुसा आणि लाकडावरून ओघळलेले विष्ठेचे पिवळे डाग असतील तर आत कुणीतरी राहतं. भुसा काळवंडलेला, भोकाच्या तोंडाशी कोळिष्टक असेल तर घर रिकामं. हे पान वर्षातून दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा दिवाळीनंतर, त्याच लाकडांसाठी पुन्हा भरायचं.